शंभर वॅटचा नावाडी

जुलै २०२१ चा पूर. यमगर्णीजवळ वेदगंगा महामार्गावर चढली होती, पुणे-बेंगळूरु रस्ता बंद होता आणि ट्रकांची रांग नजर पोचेल तिथवर. खालच्या अंगाच्या एका गावात मी गुऱ्हाळाची काहील पाण्यात घातलेली पाहिली. आत दोघं जण, एकाच्या हातात बांबू, दुसऱ्याच्या हातात फळकूट, मध्ये दुधाच्या तीन किटल्या. फळकूट उजवीकडे मारलं की काहील डावीकडे गरकन फिरायची, बांबू रेटला की उलटी फिरायची. जेमतेम पन्नास पावलांचं पाणी, पण ते ओलांडायला त्यांना वीस मिनिटं लागली. काठावरची मंडळी ओरडून सल्ले देत होती, त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

पुढे साडेतीन वर्षांनी, ३१ जानेवारी २०२५ ला, बातमी आली की अनन्या प्रसाद नावाच्या बाईंनी एकटीनं होडी वल्हवत अटलांटिक महासागर पार केला. जन्म बेंगळूरुचा, वास्तव्य इंग्लंडमध्ये, वय चौतीस. कन्नड राष्ट्रकवी जी. एस. शिवरुद्रप्पा यांची ही नात. आमच्या सीमाभागात ज्यांनी शाळेत कन्नडचं पुस्तक उघडलंय त्यांना आजोबांची वेगळी ओळख करून द्यायला नको. ११ डिसेंबर २०२४ ला त्या कॅनरी बेटांतल्या ला गोमेराहून निघाल्या आणि ५२ दिवस ५ तास ४४ मिनिटांनी कॅरिबियनमधल्या अँटिग्वाला पोचल्या. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. ना शीड, ना इंजिन.

बातमी वाचून मी पहिल्यांदा भागाकार केला. दिवसाला नव्वद किलोमीटरच्या वर पडतात. म्हणजे रोज बेळगावहून निघायचं आणि निपाणी मागे टाकून कागलच्या आसपास मुक्काम करायचा, आणि हे बावन्न दिवस. भागाकार बरोबर होता, पण पटेना. कारण सामानानं भरलेली अशी होडी पाऊण-एक टनाची असते. सपाट, वारा पडलेल्या पाण्यात एकटा माणूस ती ताशी चार-पाच किलोमीटरनं नेईल, साधारण पायी चालण्याच्या वेगानं. बारा तास वल्ही मारली तरी पन्नास-साठ किलोमीटर होतील. मग उरलेले तीस-चाळीस किलोमीटर कोण भरतं?

बहुतेक लोक याचं उत्तर दंडात शोधतात. तसा फोटोही छापलेला असतो: वल्ही, घाम, ताणलेले स्नायू. खरा हिशेब वेगळा आहे. धडधाकट, सराव केलेला माणूस तासन् तास, दिवसेंदिवस जी ताकद लावू शकतो ती सुमारे शंभर वॅट भरते. जुना पिवळा बल्ब आठवत असेल तर तेवढीच. दहा सेकंदांच्या झटक्यात पैलवान याच्या कितीतरी पट ताकद लावील, पण दहा सेकंदांनी महासागर ओलांडून होत नाही. शिवाय पाण्याचा एक कंजूष नियम आहे. वेग वाढला की पाण्याचा विरोध फार झपाट्यानं वाढतो. ढोबळ हिशेबानं, वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट लागते. म्हणजे दीडशे वॅटचा दांडगा गडी शंभर वॅटच्या साध्या माणसाच्या दीडपट पुढे जात नाही, जेमतेम पंधरा टक्के पुढे जातो. तेवढ्यासाठी त्याला खायला मात्र दीडपट लागतं, आणि ते अन्नही होडीतच वाहावं लागतं.

म्हणून या खेळात ताकदीपेक्षा तासांना किंमत आहे. जोरात वल्हवणारा दमतो, हळू पण रोज बारा-चौदा तास वल्हवणारा पोचतो. २०२१ मध्ये इंग्लंडची जॅस्मिन हॅरिसन ७० दिवसांत एकटी पोचली, तेव्हा ती २१ वर्षांची होती. नेदरलँड्सचा मार्क स्लाट्स हा प्रचंड देहाचा गडी २०१७-१८ च्या मोसमात ३० दिवस ७ तासांत पोचला. दोघांच्या अंगापिंडातला फरक मोठा, होड्याही वेगळ्या. तरी उरलेलं अंतर कापायला दोघांनाही वारा लागला असता आणि लागलाच.

उरलेल्या तीस-चाळीस किलोमीटरचं उत्तर हेच. भूगोलाच्या पुस्तकात व्यापारी वारे शिकवतात, मार्कांसाठी पाठ करून आपण ते विसरतो. उत्तर अटलांटिकमध्ये हे वारे ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे वाहतात आणि त्यांच्याखालचं पाणीही सावकाश पश्चिमेला सरकतं. ला गोमेरा साधारण २८ अक्षांशावर, अँटिग्वा १७ वर. रेघ ओढली तर ती वाऱ्याच्याच दिशेनं उतरते. कोलंबसानं १४९२ च्या सप्टेंबरात शेवटचं पाणी आणि सरपण भरलं ते याच ला गोमेरात, आणि तो याच उतारावरून गेला. होडीच्या केबिनच्या भिंती छोट्या शिडाचं काम करतात. माणूस झोपला तरी होडी चालत राहते. निघायचं ते डिसेंबरात, म्हणजे जून ते नोव्हेंबरचा चक्रीवादळांचा मोसम मागे पडलेला असतो आणि वारे बसलेले असतात.

हे आपल्याकडे काही नवं नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोकणात होड्या लोटतात तो वाऱ्याचाच हिशेब आहे. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर आपल्या किनाऱ्यावरची गलबतं आफ्रिकेकडे जायची आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर परत यायची. वाऱ्याच्या उलट जायची हौस कोणाही शहाण्या तांडेलाला नव्हती.

पण वारा कधी फिरतोच. तेव्हा काय? समोरून वारा आला की शंभर वॅटचा माणूस काहीही करू शकत नाही. बारा तास वल्हवून तो जिथल्या तिथे राहील किंवा मागे जाईल. अशा वेळी अनुभवी माणूस वल्ही आत घेतो आणि पाण्यात छत्री सोडतो. हवेतल्या पॅराशूटसारखीच कापडी छत्री, लांब दोराच्या टोकाला. ती पाण्याखाली फुगते, पाणी धरून बसते आणि होडीचं नाक लाटेला सामोरं ठेवते. तळाला लागणारा नांगर टाकायला तिथे तळ असतो चार-पाच किलोमीटर खाली, म्हणून हा पाण्यालाच धरणारा नांगर. मग माणसानं केबिनमध्ये शिरायचं, झाकण लावायचं आणि वाट पाहायची. कधी एक रात्र, कधी चार दिवस. आत सरळ बसता येत नाही, हवा कोंदट, घाम, ओले कपडे, आणि बाहेर लाटा दार ठोठावल्यासारख्या आदळतात. हे चार दिवस वल्हवण्यापेक्षा कठीण जातात, कारण हाताला काम नसतं.

होडी कशी असते ते सांगायला हवं, म्हणजे काहिलीचा आणि तिचा फरक कळेल. लांबी साधारण सात मीटर, रुंदी दीड-पावणेदोन मीटर. पुढे आणि मागे एकेक बंद केबिन, मधल्या उघड्या भागात रुळांवर सरकणारं आसन. मागची केबिन झोपायची, पुढची सामानाची. दोन्ही झाकणं लावली की ते दोन हवाबंद डबे होतात. वजनदार वस्तू, अन्न, पाणी, बॅटऱ्या, सगळं तळाशी. लाटेनं होडी उलटी केली की हवेचे डबे पाण्याखाली जातात, जड तळ वर येतो, आणि ही अवस्था टिकूच शकत नाही. होडी लोळण घेऊन पुन्हा सरळ होते. अट एकच, झाकण बंद हवं. विषुववृत्ताकडच्या उकाड्यात केबिन भट्टीसारखी तापते, झाकण जरा उघडं ठेवायचा मोह होतो, आणि नेमकी तेव्हाच लाट आली तर आत शिरलेलं पाणी होडीला सरळ होऊ देत नाही. काहिलीला यातलं काहीच नाही. ना हवेचा डबा, ना तळाला पातं, ना सुकाणू. गोल तळाला पुढची बाजू म्हणून नसतेच, त्यामुळे एका बाजूनं मारलेला प्रत्येक फटका तिला पुढे न्यायच्या ऐवजी फिरवतो. हंपीच्या हरिगोलूवाल्यांना, म्हणजे टोपलीसारखी गोल होडी चालवणाऱ्यांना, हे पक्कं ठाऊक असतं. ते फळकूट बाजूनं न मारता समोरून आपल्याकडे ओढतात.

आणखी एक गंमत. वल्हवणारा पाठ पुढे करून बसतो. म्हणजे पन्नास-साठ दिवस त्याला फक्त मागे पडलेलं दिसतं, जिथे जायचं ते कधीच दिसत नाही. समोर होकायंत्र, पायाखाली सुकाणूची तबकडी. पाय वळवून दिशा धरायची.

चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. आपली मूत्रपिंडं एवढं खारट पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. ते मीठ काढायला शरीर स्वतःजवळचं पाणी खर्च करतं, म्हणून समुद्राचं पाणी प्यायलेला माणूस आधीपेक्षा जास्त तहानतो. उपाय आपल्या स्वयंपाकघरात टांगलेला आहे: आरओ. तत्त्व तेच, पडद्यातून पाणी दाबून काढायचं आणि मीठ मागे ठेवायचं. फरक दाबाचा. घरच्या आरओला चार-सहा बार पुरतात. समुद्राच्या पाण्याचा स्वतःचाच उलटा रेटा २७ बारच्या आसपास असतो, त्याला हरवून पुरेसं पाणी मिळवायला पंपाला पन्नास-पंचावन्न बारचा दाब द्यावा लागतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीसपट. एवढा दाब शंभर वॅटचा माणूस वल्हवता वल्हवता कुठून आणणार? म्हणून केबिनच्या छतावर सौर पट्ट्या, खाली लिथियम बॅटरी, त्यावर पंप. तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं की पहिलं संकट वल्ह्यांचं नसतं, पाण्याचं असतं. आणीबाणीला हातपंप असतो. लहान असेल तर तासभर झगडून एखाद लिटर देतो. दिवसाला आठ-दहा लिटर लागतात. करा हिशेब.

आणि पाणी नुसतं प्यायचं नसतं. वाळवलेलं अन्न भिजवायला ते लागतं, आणि अंग पुसायलाही. हे शेवटचं चैनीचं वाटेल, पण नाही. अंगावर वाळलेल्या मिठाचे बारीक खडे आसनावर दिवसाला हजारो वेळा घासले जातात. त्यातून मांड्यांना आणि बुडाला जे फोड येतात ते पिकतात, चिघळतात. वादळात हिंमत न हरलेली माणसं या फोडांनी रडकुंडीला आल्याची उदाहरणं आहेत. म्हणून आसनावर मेंढीचं कातडं घालतात, रोज रात्री गोड्या पाण्यानं पुसून मलम लावतात, आणि पुष्कळसे लोक किनारा दिसेनासा झाला की कपडे काढून ठेवतात. पेपरात हे छापत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस अनेकांना बोट लागते. पोटात काही ठरत नाही, आणि त्याच दिवसांत किनाऱ्यापासून सुटायला सगळ्यात जास्त वल्हवायचं असतं. दिवसाला चार-पाच हजार कॅलरी खाल्ल्या तरी कित्येक किलो वजन उतरतं. म्हणून निघण्याआधी मुद्दाम अंगावर चरबी चढवतात.

झोपेचं गणित एकट्याला सर्वांत महाग पडतं. जोडी असेल तर एक वल्हवतो, एक झोपतो. एकटा झोपला की पहारा उठला. अजस्र मालवाहू जहाजाच्या खलाशाला लाटांमधली सात मीटरची होडी दिसेलच असं नाही. म्हणून होडीतलं यंत्र आपला ठावठिकाणा सतत जहाजांना कळवत राहतं आणि एखादं जवळ आलं की भोंगा वाजवतं. त्या भोंग्याच्या भरवशावर डोळा लावायचा, तोही तुकड्यातुकड्यानं.

या वेडाचा इतिहास तसा छोटा. १८९६ मध्ये अमेरिकेत शिंपले काढून पोट भरणारे दोन नॉर्वेजियन, हार्बो आणि सॅम्युएलसन, न्यूयॉर्कहून उघड्या होडीत निघाले आणि ५५ दिवसांत इंग्लंडच्या सिली बेटांना लागले. मग सत्तर वर्षं शांतता. १९६६ मध्ये रिजवे आणि ब्लाइथ ही ब्रिटिश जोडी पोचली. त्याच उन्हाळ्यात निघालेल्या जॉनस्टन आणि होअर यांची फक्त होडी सापडली. एकट्यानं पहिल्यांदा पोचला जॉन फेअरफॅक्स, १८० दिवस वल्हवून, १९ जुलै १९६९ ला. दुसऱ्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला, त्यामुळे बिचाऱ्याची बातमी बुडाली. भारतीयांपैकी मुंबईच्या भाविक गांधी यांनी २००७ मध्ये एकट्यानं ला गोमेरा ते अँटिग्वा हे अंतर १०६ दिवसांत कापलं. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मलाही हा लेख लिहायला बसेपर्यंत नव्हतं.

आता अशा बातम्यांत हमखास येणाऱ्या ‘विनासाहाय्य’ या शब्दाबद्दल. तो ऐकून वाटतं की माणसानं जगाशी संबंध तोडला. तसं नाही. उपग्रह फोन चालतो, किनाऱ्यावरचा जाणकार रोज हवामान कळवतो तेही चालतं. चालत नाही ते हातातून हातात घेणं: अन्न, पाणी, सुटा भाग, ओढून नेणं. वाटेत भेटलेल्या जहाजानं दिलेलं सफरचंद खाल्लं तरी शब्द गेला. ‘एकटा’, ‘विनाथांबा’ आणि ‘विनासाहाय्य’ या तीन वेगळ्या अटी आहेत, आणि त्यांची सरमिसळ करण्यात आपली वर्तमानपत्रं पटाईत.

हा फरक शिडाच्या नौकांमुळे नीट कळतो, आणि तिथे गोष्ट आपल्या दारात येते. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला कधी गेला असाल तर मलप्रभेचा उगम पाहिला असेल. ते पाणी पूर्वेला जातं, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पडतं. त्याच तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. एका डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. सांगायचं आहे ते नौकेबद्दल. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी नौका बांधली गेली, २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलाला मिळाली, आणि तिचं नाव ठेवलं ‘म्हादेई’. कमांडर दिलीप दोंदे यांनी ती घेऊन १९ ऑगस्ट २००९ ला मुंबई सोडली आणि १९ मे २०१० ला एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय. वाटेत चार थांबे होते, म्हणजे एकटा पण विनाथांबा नव्हे. त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टोमी यांनी कुठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता फेरी मारली. या सगळ्यामागे होते निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे. समुद्रापासून इतक्या लांब बसून त्यांनी ही मोहीम रेटली याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

टोमींचीच पुढची कथा या विषयाची दुसरी बाजू दाखवते. २०१८ मध्ये ते दिवाडीतच बांधलेल्या ‘तुरिया’ नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं नौका उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर ते तीन दिवस पडून होते, मग ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजानं त्यांना उचललं. सुटका इतक्या लांबून येते. वल्हवणाऱ्यांतही परत न आलेले आहेत: पॅसिफिक २९४ दिवसांत एकट्यानं ओलांडणारा पीटर बर्ड १९९६ मध्ये पुन्हा निघाला आणि गेला, अँजेला मॅडसन २०२० मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईला जाताना, ज्याँ-जाक साव्हाँ २०२२ मध्ये अझोर्सजवळ. मॅडसनबाई गेल्या तेव्हा त्या समुद्रनांगराच्या, म्हणजे पाण्यातल्या छत्रीच्या, दोराची होडीच्या नाकाजवळची कडी दुरुस्त करायला पाण्यात उतरणार होत्या. तिघंही नवशिके नव्हते.

अनुभवी माणूसही जिथे चुकतो तिथे आपण किती सहज पाण्यात उतरतो, हे मला दर पावसाळ्यात दिसतं. महासागरात जाणारा माणूस कमरेला दोर बांधल्याशिवाय डेकवर येत नाही, आणि वारा फिरला की वल्ही आत घेतो. आमच्याकडे पूर आला की पोरं लाइफ जॅकेटशिवाय काहिलीत बसतात, वर मोबाइलवर व्हिडिओ काढतात. तेव्हा निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या शिरोळ-कागलच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे की यंदा वेदगंगा-दूधगंगा पात्राबाहेर आली तर काहील गुऱ्हाळातच राहू द्या. दूध एक दिवस नासलं तरी चालेल. बचाव पथकाची बोट येईपर्यंत थांबा, आणि जॅकेटचे पट्टे बांधूनच पाय आत टाका.